टॅबची तसदीक

इंद्रवेल्लीच्या बाजारपेठेत दामिनीचं फॉल-पिकोचं आणि ब्लाउज शिवायचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की गळ्याची नवी डिझाइन मागायचं आणि दामिनी आपला फोन पुढे करायची. फोनची काच एवढीशी, त्यातही कोपऱ्यातून तडकलेली. चाळिशी ओलांडलेल्या बाया तो आधी हातभर लांब धरायच्या, मग नाकाशी आणायच्या आणि शेवटी परत देऊन म्हणायच्या, मागच्या खेपेला शिवलं तसंच शीव. वर्ष झालं, दामिनी तोच गोल गळा शिवत होती. शेवटी तिनं ठरवलं, मोठ्या पडद्याचा टॅब घ्यायचा. नवा परवडणारा नव्हता, म्हणून जुना.

पण जुन्या वस्तूचं नाव काढलं की ती दोन पावलं मागे सरायची. मागल्या साली आदिलाबादच्या बसस्टँडवर एका नीटनेटक्या माणसाकडून तिनं फोन घेतला होता. आई दवाखान्यात आहे, नड आहे म्हणून विकतो, असं तो म्हणाला होता. नवव्या दिवशी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. फोन कुण्या शिक्षिकेच्या पिशवीतून चोरलेला निघाला. फोन गेला, पैसे गेले आणि वर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ठाण्याच्या बाकावर बसावं लागलं. तिला कुणी वाकडं बोललं नाही. पण येणारा-जाणारा बघून जायचा आणि त्यात गावातले दोघं होते. तेव्हापासून ती ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

तिचा मामेभाऊ भारत दोन दुकानं सोडून मोबाइल दुरुस्त करायचा. त्यानं तिला सगळं पढवून ठेवलं होतं. बस स्टँडवर, हॉटेलात घ्यायचा नाही, विकणाऱ्याच्या घरी जायचं. खोका आणि बिल मागायचं. त्यावरचा पंधरा आकडी नंबर टॅबच्या पाठीवरच्या नंबराशी एकेक आकडा करून ताडायचा आणि सरकारच्या नंबरावर मेसेज टाकून तो चोरीचा नाही ना हे विचारायचं. टॅब चालू करून आपल्या हातानं शेवटपर्यंत उघडून बघायचा. हे सगळं झाल्यावरच पैसे. आणि विकणारा घाई करत असेल तर सरळ उठून यायचं.

मग एका व्हॉट्सॲप गटावर जाहिरात आली. टॅब, चार वर्षांचा, बिलासह. खाली लिहिलं होतं, "तीन वर्षांपासून कपाटात. वापर नाही." किंमत हवी त्यापेक्षा कमी होती. दामिनीला पहिला काटा तिथंच टोचला. पण तिनं फोन लावला तेव्हा पलीकडून म्हातारा, ठाम आवाज आला. घरी या, येताना आधार कार्ड आणा, असं त्यानं सांगितलं. विकणाराच आधार मागतो, ही तर नवीच तऱ्हा, असं भारत म्हणाला. त्या दिवशी त्याला दुकान सोडता येणार नव्हतं. दामिनी सकाळच्या बसनं एकटीच आदिलाबादला निघाली. गुडीहत्नूर मागे पडेपर्यंत तिनं पर्स दोनदा चाचपली.

घर विद्यानगरात होतं. फाटकावर तेलुगूत आणि मराठीत पाटी होती, नरसिंगराव, निवृत्त गिरदावर. म्हणजे महसूल खात्यातला माणूस. पाटी कुणाचीही असू शकते, असं म्हणत दामिनीनं शेजारच्या गेटात तुळशीला पाणी घालणाऱ्या बाईला विचारून घेतलं, हे इथंच राहतात ना. बाईनं मान डोलावली, तेव्हाच तिनं कडी वाजवली.

नरसिंगराव सत्तरीकडे झुकलेले, सडसडीत, इस्त्रीच्या सदऱ्यातले. त्यांनी तिला आत घेतलं, खुर्ची दिली आणि आधी तिचंच आधार कार्ड मागितलं. कार्डावरचा फोटो आणि तिचा चेहरा त्यांनी दोनदा ताडून पाहिला.

"एकतीस वर्षं तसदीक करण्यात गेली," ते म्हणाले. "खातरजमा केल्याबिगर आमी कागदावर सही नाही केली कधी. वाईट नका वाटून घेऊ."

"मले कायचं वाईट वाटते," दामिनी म्हणाली. "मी बी तेच कराले आली."

टीपॉयवर सगळं मांडून ठेवलेलं होतं. खोका, चार्जर, बिल, निळ्या कव्हरातला टॅब. दामिनीनं बिल उलगडलं. नाव नरसिंगरावांचंच. पाठीवरचा नंबर बारीक होता. तिनं फोननं त्याचा फोटो काढून मोठा केला आणि खोक्यावरच्या नंबराशी बोटानं एकेक आकडा जुळवला. मेसेज पाठवला. उत्तर आलं, नंबर ठीक आहे. नरसिंगराव हे सगळं मान डोलवत बघत होते, जणू एखाद्या होतकरू कारकुनाचं काम तपासत असावेत. दामिनीला आता बरं वाटायला हवं होतं. पण सगळंच इतकं सुरळीत चाललं होतं की तिला उलट धास्ती वाटू लागली.

मग तिनं टॅब कव्हरातून काढला आणि टीपॉयच्या काचेवर पालथा ठेवून बोटानं दाबला. बॅटरी फुगली असेल तर टॅब डुलतो, असं भारतनं सांगितलं होतं. हा जरासुद्धा डुलला नाही. बटण दाबताच लगेच सुरू झाला. वरच्या कोपऱ्यात बॅटरी नव्वदच्या पुढे. चार्जरची वायर मधे चिरलेली होती आणि तिथं काळी पट्टी गुंडाळली होती. पट्टीचा चिकटपणा अजून गेला नव्हता. कव्हरच्या कडेला हळदीचा एक पिवळा डाग होता.

दामिनीनं टॅब खाली ठेवला.

"काका, तीन वर्षं कपाटात होता म्हणता. मंग याची बॅटरी मेलेली पायजे. ही जित्ती कशी काय राह्यली?"

 नरसिंगराव त्या हळदीच्या डागाकडे बघू लागले. दामिनीनं अशा नजरा ठाण्यातल्या बाकावरून खूप पाहिल्या होत्या. उत्तर नसलं की माणूस असाच एका जागी नजर लावतो.

ती पुढे उघडत गेली. भाषा निवडली, आपल्या फोनवरून इंटरनेट जोडलं. आणि तिथं टॅब अडला. या टॅबवर आधी जे खातं होतं त्याचं नाव आणि पासवर्ड भरा, असं पडद्यावर आलं. त्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. दामिनीनं विचारलं, हा कुणी साफ केला. नरसिंगरावांनी सांगितलं की याच्या पडद्याचं कुलूप उघडायचे आकडे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून आठ दिवसांपूर्वी चौकातल्या एका दुकानदाराला दिला आणि त्यानं बटणं दाबून सगळं पुसून दिलं. विकायला तयार आहे, असंही तो म्हणाला होता.

कुलूप ठाऊक नाही, दुकानात पुसून आणला, किंमत कमी. दामिनीच्या डोक्यात एकावर एक वीट बसत गेली.

"बिल तुमचं हाय, मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण खातं कोणाचं हाय?"

"मुलीचं."

"मंग तिले लावा ना फोन. दोन मिनिटाचं काम हाय."

"ती हैदराबादला राहते. कामात असते."

एवढ्यात आतून नरसिंगरावांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. पद्मिनीबाई. त्यांनी कप ठेवायला टीपॉयकडे पाहिलं आणि त्यांना उघडा टॅब दिसला, शेजारी खोका, बिल. त्या ट्रे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग दामिनीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि ट्रे खाली ठेवून खिडकीपाशी जाऊन थांबल्या. घरातली वस्तू विकायला निघाली आहे आणि घरच्या बाईला ठाऊक नाही, हे दामिनीच्या लगेच लक्षात आलं. तिनं चहाला हात लावला नाही. तिला आता एवढंच कळत होतं की इथून उठलं पाहिजे.

ती उठली. आधार कार्ड पर्समध्ये टाकलं. दारापर्यंत गेल्यावर मात्र तिच्यानं राहवलं नाही. आपल्यासारखी आणखी कुणी बाई या घरात येऊन फसायला नको, असं तिला वाटलं.

"काका, मी गटावर लिहिते, की हा टॅब कोणी घेऊ नका. खातं दुसऱ्याचं हाय आणि मालक उघडून देत नाही."

नरसिंगरावांच्या कानशिलाची शीर ताठ झाली. तालुक्यातल्या जमिनींचे तंटे ज्यांच्या पंचनाम्यावर मिटले, त्यांना कुणी चोर म्हणावं, तेही आपल्याच बैठकीत.  त्यांनी खिशातून फोन काढला आणि यादीत न शोधता एकेक आकडा दाबत गेले. नंबर त्यांना तोंडपाठ होता. दामिनीनं तेवढ्यात सांगितलं, स्पीकरवर टाका. त्यांनी टाकला.

"हॅलो, कोण?" तरुण मुलीचा आवाज.

"मी नरसिंगराव बोलतो."

 पलीकडचा आवाज सावध झाला. "हा नंबर कुणाचा आहे?"

दामिनीचे कान टवकारले. लेकीकडे बापाचा नंबर नाही, हे कसलं घर.

नंबर बदलला आहे, असं नरसिंगराव म्हणाले. त्यांनी कचेरीतली नोटीस वाचावी तशा सुरात सांगितलं की तुझा टॅब उघडायचा आहे, खात्याचं नाव आणि पासवर्ड सांग. फोनवर एखादा कोड येईल, तोही सांग.

"माझे बाबा मला फोन करत नाहीत," ती म्हणाली. "आवाज कुणाचाही काढता येतो आजकाल. कोड-बीड काही मिळणार नाही."

 नरसिंगरावांनी पुन्हा आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, घराचा नंबर सांगितला. हे सगळं कागदावर असतं, असं ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "बाबा असाल तर एक सांगा. मला पहिल्यांदा बासरला कॉलेजात सोडायला आला होतात. परत जाताना तिथं काय विसरलात?"

नरसिंगरावांनी दामिनीकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"छत्री," ते म्हणाले.

फोन कट झाला.

दामिनीला आता काही विचारायचं उरलं नव्हतं. ना लेक बापाला ओळखते, ना बापाला लेकीची गोष्ट ठाऊक. तिनं दाराची कडी सरकवली. त्याच क्षणी खिडकीत ठेवलेला पद्मिनीबाईंचा साधा, बटणांचा फोन वाजला. दामिनी जवळच होती, पडद्यावर नाव दिसलं, जयवंताबाई दूधवाली. पद्मिनीबाईंनी तो उचलला नाही. दूधवाली आहे, मग बोलते, असं पुटपुटल्या. फोन थांबला आणि लगेच पुन्हा वाजला. थांबला, पुन्हा वाजला. भर दुपारी दूधवालीला एवढी कसली घाई, असं दामिनीच्या मनात आलं. नरसिंगरावांच्याही आलं असावं.

"घे ना," ते म्हणाले. "काऊन घेत नाहीस?"

पद्मिनीबाईंनी फोन कानाला लावला. पण पलीकडचा आवाज इतका घाबरलेला आणि मोठा होता की खोलीभर ऐकू आला. मघाचाच आवाज.

"आई, आत्ता कुणीतरी बाबांच्या आवाजात फोन केला होता. पासवर्ड मागत होता. घरी सगळं ठीक आहे ना? बाबा कुठे आहेत?"

पद्मिनीबाईंनी डोळे मिटले. "ठीक हाय सगळं, जान्हवी. ते बाबाच होते."

 कडीवरचा हात दामिनीनं काढून घेतला. तिला जायचं होतं, पण आता मधूनच दार उघडणंही बरं दिसेना.

"कवापासून?" नरसिंगरावांनी विचारलं.

"ती गेली त्या संध्याकाळपासून."

मग जे तुटक तुटक बोलणं झालं त्यातून दामिनीला सगळं कळलं. तीन वर्षांपूर्वी जान्हवीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. आठ दिवस राहिले असताना तिनं नको म्हटलं आणि हैदराबादला नोकरीवर निघून गेली. नरसिंगरावांना घरोघर जाऊन लग्न मोडल्याचं सांगावं लागलं होतं. त्यांनी तिचं नाव घेणं सोडलं, फोनचा नंबर बदलला, तिचा टॅब कपाटात ठेवून वरून दार लावलं. रोज दुपारी ते पेन्शनरांच्या बैठकीला जायचे. ते फाटकाबाहेर पडले की पद्मिनीबाई टॅब काढायच्या, स्वयंपाकघरात डब्याला टेकवून ठेवायच्या आणि भाजी निवडत लेकीशी बोलायच्या. कुलूप त्यांना पाठ होतं. ते यायच्या आत चार्ज करून पुन्हा कपाटात.

"मले वाटलंच होतं," नरसिंगराव म्हणाले. "कधी लवकर आलो अन् कपाट उघडलं की हा गरम लागायचा हाताला."

"मंग मला विचारायचं होतं. पुसून काऊन टाकला?"

"तू सांगायचं होतंस."

 आठ दिवस पद्मिनीबाई लेकीचा चेहरा न बघता नुसत्या दूधवालीच्या नावाखाली येणाऱ्या फोनवर बोलत होत्या, टॅब कुठे गेला म्हणून तोंडातून शब्द काढता येत नव्हता. आणि नवरा आठ दिवस वाट बघत होता, ही कधी विचारते म्हणून. एका छपराखाली दोघं एकमेकांवर पाळत ठेवून होते.

फोन अजून चालूच होता. जान्हवीचा आवाज आला, आता हळू. ते खरंच बाबा असतील तर त्यांना खरं उत्तर सांगू दे, असं ती म्हणाली.

नरसिंगरावांनी हात पुढे केला. पद्मिनीबाईंनी फोन दिला. नरसिंगरावांची नजर दामिनीवर गेली. परक्या बाईसमोर बोलणं त्यांना जड जात होतं, हे दामिनीला दिसत होतं, म्हणून तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवलं.

"छत्री नव्हती," ते म्हणाले. "तुझ्या आईला विसरलो होतो."

 त्या वेळी लेकीला होस्टेलात सोडून नरसिंगराव एकटेच बसमध्ये चढले होते आणि थेट मुधोळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत रडत होते. बाजूची जागा रिकामी आहे, हे तिथं कंडक्टरनं एकट्याला दोन तिकिटं कशाला असं विचारलं तेव्हा त्यांना कळलं. पद्मिनीबाई बासरच्या फाटकावर दीड तास उभ्या होत्या. ही गोष्ट त्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हती आणि नरसिंगरावांनी ती कधी कुणाला सांगू दिली नव्हती.

 मग जान्हवीनं विचारलं, पासवर्ड कशाला हवा होता. विकत होतो, असं त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, विकायचा असेल तर मी येऊन उघडून देते, पण फोनवर पासवर्ड सांगणार नाही. बाबांनाही नाही.

"बरोबर हाय," नरसिंगराव म्हणाले. "फोनवर सांगायचाच नसतो."

दामिनी रिकाम्या हातानं परतली. बसमध्ये तिला स्वतःचीच लाज वाटत होती. चांगल्या इज्जतदार माणसाला आपण त्याच्याच घरात चोर ठरवलं. पण थोड्या वेळानं दुसरं मन म्हणालं, ठरवलं नसतं तर त्यांनी फोन लावला असता का? आणि तिसरं मन सांगत होतं की टॅब काही आता मिळत नाही, दुकान दिवसभर बंद राहिलं ते राहिलंच. भारतनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं की पैसे देऊन नाही आली, तेच खूप.

पंधरा-सोळा दिवसांनी अनोळखी नंबरावरून फोन आला. दामिनीनं दोनदा घेतला नाही. तिसऱ्यांदा घेतला तर मुलीचा आवाज, मी जान्हवी, आदिलाबादला आले आहे, आईला नवा फोन घेतलाय, तुम्हाला टॅब हवा असेल तर या. दामिनीनं आधी विचारलं, त्या दिवशी तुमच्या घरी मी काय प्याली? पलीकडून हसू आलं. आई म्हणते, चहाला हातसुद्धा लावला नव्हता तुम्ही. मग ती निघाली.

घरात त्या दिवशी कुणी फार बोलत नव्हतं. जान्हवी तिशीच्या आतली, आखूड केसांची मुलगी, दाराजवळच्या वेताच्या बुटक्या मोड्यावर बसली होती. वडील पलीकडच्या खुर्चीत. एकमेकांशी बोलायचं झालं तर दोघं पद्मिनीबाईंकडे बघून बोलत. तरी बोलत होते. जान्हवीनं दामिनीसमोर आपलं खातं भरलं, टॅब उघडला, मग नीट रीतीनं ते खातं काढून टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून साफ करून तिच्या हातात दिला. या वेळी तो कुठंच अडला नाही. दामिनीनं तरी कॅमेरा पाहिला, आवाज पाहिला, वायर लावून चार्ज होतो का पाहिलं, पडद्याच्या चारही कोपऱ्यांवर बोट फिरवलं. आणि जान्हवीचंही आधार कार्ड मागितलं. नरसिंगरावांच्या ओठांची कड किंचित हलली.

मग त्यांनी कोरा कागद घेतला, चष्मा लावला आणि रसीद लिहायला घेतली. वळणदार, जुन्या कचेरीतलं अक्षर. मी, नरसिंगराव वल्द... एवढं लिहून, वडिलांचं नाव यायच्या आतच ते थांबले. बिल त्यांच्या नावाचं होतं, विक्रेता तेच व्हायला हवे होते. त्यांनी कागद बाजूला सारला, दुसरा घेतला आणि तो पेनासकट मोड्याकडे सरकवला.

"हिची चीज आहे," ते बायकोकडे बघून म्हणाले. "हिनंच लिहावं. मी गवाह म्हणून सही करतो."

जान्हवीनं लिहिलं. तिचं अक्षर वाकडं होतं, दोन ठिकाणी खोडावं लागलं, आणि त्या दोन्ही खोडाखोडींवर नरसिंगरावांनी तिच्याकडून कायद्याप्रमाणे छोटी सही करवून घेतली.